अंगावर पेटणारा वणवा

ब्राझीलच्या खेड्यापाड्यांत एका त्वचारोगाला ‘फोगो सेल्वाजेम’ म्हणतात. भाषा पोर्तुगीज. याच भाषेतून आपल्या घरात चावी, साबण, बटाटा आणि पगार हे शब्द आले. ‘फोगो’ म्हणजे आग, ‘सेल्वाजेम’ म्हणजे रानटी. मराठीत या दोन शब्दांसाठी एकच नेमका शब्द आहे : वणवा.

हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही, ते रुग्णांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी दिले आहे. छाती, पाठ आणि चेहऱ्यावर आधी लहान फोड येतात. ते इतके वरवरचे असतात की कपड्याच्या घर्षणानेही फुटतात. मागे ओली, लालभडक कातडी उरते, तिच्यावर खपल्या धरतात आणि हळूहळू सगळे अंग सोलल्यासारखे होते. उन्हात गेले की जळजळ वाढते. अंगात आग पेटली आहे, असे रुग्ण सांगत. लोकांनी तेच नाव ठेवले.

या वणव्याची ठिणगी कुठून पडते, हा प्रश्न वैद्यकाला जवळपास शंभर वर्षे छळतो आहे. उत्तराच्या शोधात डॉक्टर नदीकाठच्या माशांपर्यंत, मातीच्या भिंतींतल्या किड्यांपर्यंत आणि शेवटी डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका माशीच्या थुंकीपर्यंत पोहोचले. शोध अजून संपलेला नाही. पण या प्रवासात गरिबी, बदनामी, विज्ञान आणि माणुसकी यांचा जो इतिहास सापडतो, तो आपण मुद्दाम वाचावा असा आहे.

आगीची जुनी नावे

कातडीच्या आजाराला आगीचे नाव देण्याची रीत फक्त ब्राझीलची नाही. इब्न सीना यांच्या ‘अल-कानून फित-तिब’ या ग्रंथात ‘नार-ए-फारसी’ म्हणजे इराणी आग या नावाने जळजळणाऱ्या फोडांचे वर्णन येते. त्याच्याच जोडीला ‘जमरा’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ निखारा. आयुर्वेदात विसर्पाचा एक प्रकार ‘अग्निविसर्प’ आहे. उर्दूत ‘आतशक’ हे एका वेगळ्याच रोगाचे नाव आहे, पण त्यातही ‘आतश’ म्हणजे आगच आहे.

हे सगळे आजार एकच होते असे कोणी समजू नये. जुन्या हकीम-वैद्यांनी डोळ्यांना दिसले आणि रुग्णाने सांगितले त्यावरून नावे दिली. आतले कारण पाहण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. पण रुग्णाचे म्हणणे त्यांनी नीट ऐकले होते, एवढे ही नावे नक्की सांगतात.

युरोपात फोडांच्या आजाराला ‘पेम्फिगस’ हे नाव पडले. ग्रीक भाषेत ‘पेम्फिक्स’ म्हणजे फोड. सन १८४४ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ काझनाव्ह यांनी एका स्त्री रुग्णाचे वर्णन केले. तिच्या अंगावरून वाळक्या पानांसारखे पापुद्रे सुटत होते, म्हणून या प्रकाराला ‘पेम्फिगस फोलिएशियस’ म्हणजे पानांसारखा पेम्फिगस म्हटले गेले. ब्राझीलचा वणवा म्हणजे हाच आजार. फरक एवढाच की जगात इतरत्र तो तुरळक, बहुतेक उतारवयात आणि कुठेही होतो. ब्राझीलमध्ये मात्र तो ठरावीक भागांत, तरुण मुलामाणसांना आणि कधी एकाच कुटुंबातल्या अनेकांना होत आला आहे. एखादा रोग असा गाव धरून राहतो, तेव्हा त्याचे काहीतरी कारण त्या गावच्या माती, पाणी, हवा किंवा किड्यांत असणार, अशी शंका येते.

घराबाहेर काढलेली माणसे

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत साओ पावलो राज्याच्या ग्रामीण भागात हे रुग्ण मोठ्या संख्येने दिसू लागले. पुढे मिनास जेराइस, गोयास, मातो ग्रोसो या राज्यांतून बातम्या येत राहिल्या. जंगल तोडून शेती करायला, रस्ते बांधायला, नव्या वस्त्या वसवायला माणसे आत सरकत होती आणि त्यांच्या मागोमाग आजार सरकत होता. पुढे तेच भाग सुधारले, पक्की घरे झाली, शहरे वाढली, तसा तिथला आजार ओसरत गेला. हा फार महत्त्वाचा पुरावा होता, पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

त्या काळी औषध नव्हते. कातडी गेलेल्या माणसाच्या अंगातून पाणी आणि प्रथिने झिरपत राहतात, जखमांत पू होतो, ताप चढतो. अनेक रुग्ण काही वर्षांत दगावत. जे जगत, त्यांना लोक जवळ उभे करीत नसत. खपल्या आणि दुर्गंधी पाहून हा संसर्गजन्य रोग आहे असेच सर्वांना वाटे. प्रत्यक्षात तो एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. पण हे समजेपर्यंत किती जणांना घर सोडावे लागले असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मिनास जेराइसमधल्या उबेराबा शहरात सन १९५८ च्या सुमारास असेच काही रुग्ण रुग्णालयातून बाहेर काढले गेले. तिथे काम करणाऱ्या अपारेसिदा कॉन्सेसाव फेरेरा या परिचारिकेला ते सहन झाले नाही. तिने त्यांना आपल्या घरी नेले. पैसा नव्हता, तेव्हा तिने साओ पावलोच्या रस्त्यांवर मदत मागितली. त्यातूनच उबेराबाचे पेम्फिगस रुग्णालय उभे राहिले आणि ‘दोना अपारेसिदा’ हे नाव ब्राझीलभर झाले. काम्पो ग्रांदे शहरातही अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांनी याच रोगासाठी रुग्णालय काढले. जिथे शास्त्राकडे उत्तर नव्हते, तिथे आधी खिदमत पोहोचली.

त्याच दशकात स्टेरॉइड औषधे आली आणि चित्र पालटले. मरणारे रुग्ण जगू लागले. स्टेरॉइडची किंमत शरीराला मोजावी लागते हे खरे, तरीही फोड थांबतात, कातडी परत येते. पण औषध सापडले म्हणजे कारण सापडले असे नाही.

स्वतःच्याच घरावर हल्ला

कारणाचा पहिला अर्धा भाग सन १९६४ मध्ये उलगडला. अमेरिकेतल्या बफेलो इथे ब्यूटनर आणि जॉर्डन या संशोधकांनी पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे दाखवली, जी बाहेरच्या जंतूवर नाही, तर त्वचेच्या स्वतःच्याच पेशींवर जाऊन बसत होती.

हे सोप्या भाषेत असे. आपली कातडी म्हणजे विटांची भिंत समजा. पेशी म्हणजे विटा आणि त्यांना धरून ठेवणारा चुना म्हणजे काही खास प्रथिने. त्यांतल्या एकाचे नाव ‘डेस्मोग्लिन-१’. प्रतिपिंडे म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांचे काम बाहेरून आलेल्या शत्रूला पकडण्याचे. या आजारात पहारेकरी स्वतःच्या घराचा चुनाच शत्रू समजून उकरतात. विटा सुटतात, मध्ये पाणी भरते आणि फोड येतो. डेस्मोग्लिन-१ चे खरे राज्य कातडीच्या वरच्या थरात असते, म्हणून फोड वरवरचे. तोंडाच्या आतल्या त्वचेला त्याचा जोडीदार डेस्मोग्लिन-३ सांभाळून घेतो, म्हणून या रुग्णांचे तोंड बहुधा शाबूत राहते. पुढे १९८० च्या दशकात ब्राझीलच्या रुग्णांची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली तेव्हा त्यांच्या अंगावरही तसेच फोड आले. म्हणजे गुन्हा करणारा हात सापडला. आता प्रश्न उरला की पहारेकऱ्याला चिथावले कोणी?

एकाच घरात राहणारे किडे

मिनास जेराइस हे राज्य वैद्यकाच्या इतिहासात आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. सन १९०९ मध्ये तिथल्या लासान्स गावी रेल्वेमजुरांत काम करणाऱ्या कार्लोस शागास या डॉक्टरने एक नवा परजीवी आणि त्याचा आजार शोधला. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गवताच्या छपरात राहणारा, ढेकणाच्या जातीचा एक मोठा किडा रात्री झोपलेल्या माणसाला चावतो आणि तो परजीवी पसरवतो. हाच शागास रोग.

वणव्याच्या रुग्णांची घरे पाहणाऱ्यांना हीच घरे दिसली. मातीच्या भिंती, शाकारलेले छप्पर, जवळ ओढा किंवा नदी. सन १९९२ मध्ये रुग्णांची आणि त्याच भागातल्या निरोगी माणसांची तुलना झाली, तेव्हा नदीकाठी वाढणाऱ्या काळ्या माशीचे चावे रुग्णांत कितीतरी जास्त आढळले. पुढच्या पाहणीत ढेकूण आणि शागासचा किडा यांचीही नावे आली. या यादीत वाळूमाशीही होती.

वाळूमाशीची ओळख आपल्याला करून द्यायला नको. सन १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी सापडलेला विषाणू आणि बिहारचा काळा आजार हीच पसरवते. डासाहून बरीच लहान, केसाळ, आवाज न करणारी. भिंतीच्या भेगा, गोठा आणि दमट माती ही तिची घरे. काळ्या आजाराचा परजीवी सन १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी ओळखला, त्यांच्या नावावरून त्याला ‘लीशमेनिया’ म्हणतात. याच कुळातले दुसरे परजीवी कातडीवर चिघळणारे फोड आणतात. हलबचा फोड, बगदादचा फोड, दिल्लीचा फोड अशी शहरांची नावे त्याला मिळाली आहेत. सन १९२१ मध्ये अल्जीरियात सर्जां बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्क्राच्या वाळूमाश्या कुटून स्वयंसेवकांच्या कातडीवर ओरखडून लावल्या आणि तो फोड उठवून दाखवला. माशी आणि परजीवी यांचे नाते तिथे पक्के झाले.

लिमाव वेर्दे गावातले रक्त

वणव्याच्या शोधाला खरे वळण मिळाले ते मातो ग्रोसो दो सुल राज्यातल्या लिमाव वेर्दे या वस्तीत. ही तेरेना आदिवासींची वस्ती. इथे दर शंभरांत दोन-तीन माणसांना हा आजार होता. जगात इतरत्र जो रोग लाखांत एखाद्याला होतो, त्याचे हे प्रमाण भयंकर आहे.

सन २००० मध्ये संशोधकांनी इथल्या लोकांचे रक्त तपासले. रुग्णांपैकी जवळपास सगळ्यांत डेस्मोग्लिन-१ विरुद्धची प्रतिपिंडे होती, त्यात नवल नव्हते. नवल होते ते निरोगी माणसांत. तपासलेल्या ९३ निरोगी गावकऱ्यांपैकी ५१ जणांच्या रक्तात, म्हणजे ५५ टक्क्यांत, तीच प्रतिपिंडे सापडली. आसपासच्या गावांत हे प्रमाण १९ टक्के होते आणि अमेरिका-जपानमधल्या निरोगी लोकांत फक्त २ टक्के. पाच जणांचे रक्त तर आजार होण्याच्या आधीपासून उपलब्ध होते. त्यांच्यात फोड येण्याच्या एक ते चार वर्षे आधीच प्रतिपिंडे तयार झालेली होती.

म्हणजे चिथावणारी गोष्ट साऱ्या गावाला भेटत होती. निम्म्याहून अधिक निरोगी माणसांचेही पहारेकरी जागे झाले होते. पण बहुतेकांचे पहारेकरी त्या प्रथिनाच्या अशा टोकाला धरत होते जिथे धरल्याने भिंत ढासळत नाही. काही थोड्यांत त्यांची पकड सरकत सरकत प्रथिनाच्या नेमक्या जोडणाऱ्या भागावर गेली आणि फोड उठले. हे कुणात घडावे यात जन्मजात ठेवणीचाही वाटा असतो. प्रतिकारशक्तीची काही विशिष्ट जनुके असलेल्यांना धोका जास्त असतो, हे ब्राझीलमध्येच दाखवले गेले आहे.

प्रवासी की गाडी?

सन २००४ मध्ये डियाझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ प्रश्न विचारला. चावणाऱ्या किड्यांमुळे होणाऱ्या तीन परजीवी आजारांच्या रुग्णांत ही प्रतिपिंडे आहेत का? काळ्या माशीमुळे होणारे नदीकाठचे अंधत्व, वाळूमाशीमुळे होणारा लीशमेनिया आणि शागास रोग, असे ते तीन आजार. तिन्ही आजारांच्या अनेक रुग्णांत डेस्मोग्लिन-१ विरुद्धची प्रतिपिंडे मिळाली. पण त्यांना वणव्याचे फोड नव्हते.

इथे एक बारीक प्रश्न उभा राहतो आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वात शिकण्यासारखा भाग आहे. परजीवी हा प्रवासी आणि माशी ही त्याची गाडी. गुन्ह्याच्या जागी प्रवासी सापडला म्हणून तोच गुन्हेगार ठरतो का? की ज्याच्या अंगात परजीवी आहे त्याला माश्यांनी खूप चावले आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते?

माशी चावते तेव्हा ती नुसती सुई टोचत नाही. रक्त गोठू नये म्हणून ती जखमेत थुंकी सोडते आणि त्या थुंकीत अनेक प्रथिने असतात. सन २०१२ मध्ये ब्राझीलच्या वाळूमाशीच्या थुंकीतले ‘एलजेएम-११’ नावाचे प्रथिन संशोधकांच्या हाती लागले. वणव्याच्या रुग्णांची प्रतिपिंडे डेस्मोग्लिन-१ ला धरतात, तशीच या प्रथिनालाही धरतात. उंदरांना हे प्रथिन टोचले तेव्हा त्यांच्यात डेस्मोग्लिन-१ विरुद्धची प्रतिपिंडे तयार झाली. दोन वेगळ्या माणसांचे चेहरे एकमेकांशी जुळावेत आणि पहारेकऱ्याने चोर समजून घरच्याच माणसाला धरावे, तसा हा प्रकार. वर्षानुवर्षे शेकडो चावे, प्रत्येक चाव्यात तोच चेहरा आणि शेवटी चूक.

म्हणून आजचा पुरावा प्रवाशापेक्षा गाडीकडे जास्त बोट दाखवतो. परजीवी कदाचित फक्त साक्षीदार असेल.

ट्युनिशियाच्या स्त्रिया

ही फक्त ब्राझीलची गोष्ट असती तर तिला योगायोग म्हणता आले असते. पण १९९० च्या दशकात ट्युनिशियातून तशीच बातमी आली. सूस शहराच्या आसपास आणि देशाच्या ग्रामीण भागात पेम्फिगस फोलिएशियसचे रुग्ण अपेक्षेपेक्षा फार जास्त होते आणि त्यांत तरुण स्त्रिया जास्त होत्या. सन १९९५ मध्ये तुलना प्रसिद्ध झाली. पेम्फिगसचे सगळे प्रकार मिळून फ्रान्समध्ये दर वर्षी दहा लाखांत १.७ नवे रुग्ण, तर ट्युनिशियात ६.७. पंचवीस ते चौतीस वयाच्या ट्युनिशियन स्त्रियांत तर एकट्या फोलिएशियसचे प्रमाण दहा लाखांत सुमारे १५ होते. तिथे पारंपरिक सौंदर्यप्रसाधने आणि गुरांचा सहवास यांचाही तपास झाला.

याच देशात लीशमेनियाचा जुना मुक्काम आहे. ट्युनिसच्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या परजीवीवर मोठे काम केले. त्यांना पुढे टायफसच्या शोधासाठी सन १९२८ चे नोबेल मिळाले. सन १९८२ मध्ये कैरवान भागात, सिदी साद धरणाच्या परिसरात, कातडीच्या लीशमेनियाची मोठी साथ उठली आणि ती सिदी बूझीद, गफ्सा अशी दूरवर पसरली. उक्बा बिन नाफे यांनी वसवलेले आणि ‘जादुल मुसाफिर’ लिहिणाऱ्या इब्नुल जज्जार हकिमांचे हे कैरवान. धरणाचे पाणी आले, शेती वाढली, वस्ती वाढली आणि रानउंदीर, माशी, माणूस एकमेकांजवळ आले. साओ पावलोच्या जंगलतोडीत जे घडले, त्याचीच ही दुसरी आवृत्ती.

अलीकडच्या वर्षांत ट्युनिशियाच्या वाळूमाशीच्या थुंकीतले ‘एसपी-३२’ हे प्रथिनही डेस्मोग्लिनशी जुळते-चिकटते असे प्रयोगांत दिसले आहे. माशीची जात वेगळी, प्रथिन वेगळे, देश वेगळा आणि संशयाची दिशा मात्र तीच.

संबंध आणि कारण

तरी सावध राहायला हवे. ‘संबंध आहे’ आणि ‘हेच कारण आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. जगात जिथे जिथे वाळूमाशी आहे तिथे तिथे हा आजार गाव धरून बसलेला नाही. कोलंबियात एल बाग्रे भागातल्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात अशाच आजाराचा एक प्रकार आहे, तिथे रुग्ण बहुतेक पुरुष आहेत आणि पाऱ्याच्या संपर्काचीही चर्चा होते. म्हणजे चावा, जनुके, घर, काम आणि कदाचित आणखी काही, हे सगळे एकत्र आल्यावरच ठिणगी पडते. आपल्याकडे पेम्फिगसचा दुसरा, तोंडातही फोड आणणारा ‘व्हल्गॅरिस’ प्रकार जास्त दिसतो. त्याचा आणि माशीचा असा संबंध दाखवला गेलेला नाही. म्हणून हा लेख वाचून कोणी आपल्या घरच्या रुग्णाचा आजार माशीच्या माथी मारू नये आणि औषध तर मुळीच बंद करू नये. या आजाराच्या उपचारात भारताचाही वाटा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या ‘पल्स’ उपचाराने देशभरातल्या हजारो रुग्णांना आधार दिला.

आता आपल्याबद्दल थोडे. कातडीचा आजार दिसतो, म्हणून त्याच्यावर समाज लवकर निकाल देतो. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी करणी, कोणी गुनाहची सजा. मुलीला असेल तर लग्नाची बोलणी थांबतात. हजरत अय्यूब यांच्या सब्राची आठवण आपण रुग्णाला करून देतो. पण सब्र ही रुग्णाने धरायची गोष्ट आहे, आपण त्याच्यावर लादायची नाही. आपल्या वाट्याचे काम वेगळे आहे : त्याच्या शेजारी बसणे, त्याच्या ताटात जेवणे आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे नेणे.

लिमाव वेर्देच्या त्या ९३ निरोगी माणसांचे रक्त मला या बाबतीत फार मोठी साक्ष वाटते. आजारी माणूस आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा शेजारी, दोघांच्या अंगात तीच प्रतिपिंडे होती. दोघांना त्याच माश्या चावल्या होत्या, दोघे तशाच भिंतींच्या घरांत झोपत होते. फरक कुणाच्या पाप-पुण्यात नव्हता. त्या गावात दोष द्यायचाच असेल तर तो भेगा पडलेल्या भिंतीला, दाराशी साचलेल्या चिखलाला आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहू देणाऱ्यांना द्यावा लागेल.

ब्राझीलमध्ये जिथे घरे पक्की झाली, तिथे शास्त्राचे शेवटचे उत्तर येण्याआधीच वणवा विझत गेला. गरिबाला राहायला चांगले घर मिळणे हाही औषधोपचारच आहे, हे त्या गावांनी करून दाखवले आहे.